नावेला वायपर

"थेंब पडला की नाव बांधली. मंग नावंला मशीन बसवलं कशाला, शेळ्या बांधायला?"

साळूबाई हे मला म्हणाली नाही. ती आपल्या पिशवीला म्हणाली. पण आम्ही दोघी पोत्याच्या एकाच खोळीखाली खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. तिच्या मिसरीचा वाससुद्धा मला येत होता, तर शब्द कसे येणार नाहीत? मी ऐकलं नाही असं केलं. वर्षभरात ही एक कला मला चांगली जमायला लागली होती.

साळूबाई पलीकडची. म्हणजे गंगेच्या त्या काठाची. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पलीकडे बीड जिल्हा लागतो, पण त्या काठच्या लोकांचा बाजार आमच्या अंगाचा, तीर्थपुरीचा. सकाळी नावेतून यायचं, बाजार करायचा आणि दिवस कलायच्या आत नावेतूनच परत जायचं. पुलावरून जायचं म्हटलं तर अर्धा दिवस एसटीत बसून हाडं खिळखिळी करून घ्यायची.

नाव आमची. चालवायचे आमचे हे. ह्यांचं नाव रामकिसन. घ्यायचं नसतं, पण गोष्ट सांगायची तर एकदा घ्यावंच लागतं. आमचं घर शेतकऱ्याचं, नावाड्याचं नाही. पण जुना नावाडी थकला आणि ह्यांच्या डोक्यात आलं की विहिरीवरचं इंजिन पावसाळ्यात नुसतं पडून असतं, ते नावेला का लावू नये? तीर्थपुरीच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पत्र्याची नाव करून घेतली. स्टेरिंग मिळालं मिलिटरीच्या लिलावातल्या एका जुन्या जीपचं. ती जीप उलट्या घडणीची, स्टेरिंग डाव्या अंगाला. जसं मिळालं तसं बसवलं. म्हणून आमच्या नावेत हे डावीकडे बसायचे, उजवीकडे मी पिशव्या-गाठोडी सांभाळत बसायची, आणि मागे इंजिनापाशी धाकटा दीर भुजंग. पाण्यावर कुणी समोरून येत नाही, त्यामुळे डावं काय नि उजवं काय, कधी अडलं नाही.

अडलं ते गेल्या वर्षीपासून. भादव्यात भरल्या नावेनिशी निघालो आणि मध्यावर इंजिन बंद पडलं. वरून पाऊस असा की हात दिसेना. तेवढ्यात वरच्या अंगाने बाभळीचं अख्खं झाड वाहत आलं, मुळांसकट, आणि नावेला आडवं लागलं. नाव भिंगरीसारखी फिरली. बायका रडायला लागल्या, एक म्हातारा देवाच्या नावाऐवजी आपल्या बैलांची नावं घ्यायला लागला. हे स्टेरिंगला चिकटून बसले होते. शेवटी खूप खाली, कुणाच्या तरी उसात जाऊन नाव रुतली. एक माणूस गेलं नाही. एक कोंबडी तेवढी गेली.

आणि मग गावाने काय करावं? सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. "बहाद्दर गडी!" म्हणून टाळ्या. ह्यांनी शाल घेतली तेव्हा मान वर केली नाही, ते मी पाहिलं. लोकांना वाटलं, भरून आलं असेल.

त्या दिवसापासून पाऊस आला की नाव काठाला. पण बहाद्दराने नाव का बांधली, हे कोण विचारणार? मग कारणं सुरू झाली. पहिलं कारण, की बायामाणसं भिजतात. बरोबर आहे. भुजंगने पाइपाचा सांगाडा करून वर ताडपत्री घातली. मग म्हणाले, समोरून पावसाचा सपकारा डोळ्यात जातो, दिसत नाही. हेही बरोबर. भुजंगने जालन्याच्या भंगारातून जीपची पुढची काच चौकटीसकट आणली आणि नटबोल्टाने नावेच्या तोंडाला बसवली. छान दिसायची. मग पाऊस आला आणि काचेवर पाणी आलं. ह्यांनी नाव बांधली.

"काच आंधळी होती," हे म्हणाले. "मोटारीला वायपर असतो. तसं पाहिजे."

आता नावेला वायपर म्हणजे म्हशीला नथ. पण कुणी हसलं नाही. भुजंग म्हणाला, "बसवू की दादा." मी म्हणाले, "बसवू." पलीकडचे काकासाहेब बाजाराला आले होते, तेसुद्धा म्हणाले, "बसवा, बसवा, जल्दी बसवा." त्यांच्या मनात दुसरंच होतं. पलीकडचे लोक त्यांना पुढे करून आपल्या काठाहून स्वतःची नाव घालायचं बोलत होते. पावसाळाभर हा नावाडी बसून राहणार असेल, तर लोकांनी करायचं काय?

नाव गेली असती तर आमची चूल बंद पडली नसती. शेत होतं. पण ह्यांचं काय झालं असतं? माणूस उन्हाच्या दिवशीसुद्धा आधी आभाळाकडे बघून मग जेवायला बसायचा. तोंडातला घास तोंडात राहायचा. आधी सगळ्या गावाशी बोलणारा माणूस आता फक्त इंजिनाशी बोलायचा. नाव दुसऱ्याची झाली असती, तर हे घरात बसले असते, अंगावर ती शाल घेऊन, आणि जन्मभर बहाद्दर राहिले असते. मला तेच नको होतं.

म्हणून एका सकाळी आम्ही दोघं काचेची चौकट गोधडीत गुंडाळून एसटीने जालन्याला गेलो. कंडक्टरने विचारलं, "बाई, पेशंट हाय का काय?" मी म्हणाले, "हो, डोळ्याचा."

जुन्या जालन्यात धान्याच्या आडतींच्या मागच्या गल्लीत बद्रीनाथ मिस्त्रीचं दुकान होतं. ट्रकची वायरिंग, हॉर्न, दिवे, वायपर. दारात रिक्षा उभ्या, आत बॅटऱ्यांचा आंबट वास. मिस्त्री जाडजूड, गळ्यात मफलर, तोही श्रावणात. त्याने गोधडी उघडली आणि रस्त्याकडे पाहिलं.

"गाडी कुठं लावली?"

"गाडी न्हाई," हे म्हणाले. "नाव हाय."

"नाव म्हणजे?"

"पाण्यातली."

मिस्त्रीने मफलर सैल केला. "जिंदगी गेली वायपर बसवून. ट्रकाला बसवले, बँडवाल्याच्या गाडीला बसवले. नावंला पहिल्यांदा." मग त्याला हुरूप आला. "बिलकुल बसवू. पण एकच बसवतो. तुमच्याकडं बॅटरी काय हाय?"

बॅटरी घरची होती. आमच्याकडे रात्री वीज कधी असायची, कधी नाही, म्हणून टीव्हीला बॅटरी लावायचो. आळीतल्या बायका त्या बॅटरीच्या जिवावर मालिका बघायच्या. ती आता दिवसा नावेवर आणि संध्याकाळी घरी, असं ठरलं होतं.

"टीव्हीच्या बॅटरीवर एकच चालंल," मिस्त्री म्हणाला. "ड्रायव्हर साइडला लावून देतो, झालं काम."

मी तेवढ्यात कोपऱ्यावरून चहा सांगायला गेले. चहावाल्याकडे गर्दी होती. चहा घेऊन परत आले तर मिस्त्रीने चौकटीला भोक पाडून मोटर बसवलीसुद्धा होती आणि तो बोल्ट आवळत होता. उजव्या अंगाला.

ट्रकाचा ड्रायव्हर उजवीकडेच बसतो. त्याने आयुष्यभर तिथेच बसवला. त्याची काय चूक? त्याने विचारलं नाही. पण हे समोरच्या स्टुलावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. भोक पडताना पाहत होते. मिस्त्री हातात ड्रिल घेऊन उजवीकडे गेला तेव्हा "अहो, इकडं न्हाई, तिकडं" एवढंच म्हणायचं होतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मी आणलेल्या चहाच्या कपात पाहिलं. कपात चहाशिवाय काही नव्हतं.

माझ्या ओठावर आलं होतं. पण मी बोलले असते, तर वायपरबद्दल बोलले नसते. माणसाने आपल्यासाठी एक कारण शिल्लक ठेवलंय आणि तेही किती मेहनतीने, एसटीच्या टपावर चढवून आणलेलं, ते मी परक्याच्या दुकानात कसं काढून घेऊ? मी म्हणाले, "बराबर बसला का हो मिस्त्री?"

"एकदम बराबर," मिस्त्री म्हणाला, आणि कळ दाबली. वायपर काचेवरून खर्रर्र करत गेला आणि परत आला.

गावात आल्यावर भुजंगने चौकट बसवली. बसवता बसवता थांबला.

"वहिनी, हा तर…"

"चहा घे आधी."

"पण दादा तर त्या अंगाला…"

"गार होऊन राह्यलाय चहा."

भुजंगने चहा घेतला. तो माझ्याकडे बघत होता आणि मी बशीकडे. मग हळूच म्हणाला, "एखाद्या दिवशी काढून उलटा बसवून देऊ." तेवढ्यात हे मागून म्हणाले, "नको. दुसरं भोक पाडायला गेलास तर काच तडकंल." भुजंग बरं म्हणाला.

तपासून बघायला अर्धं गाव काठावर आलं. भुजंगने घागरीने काचेवर पाणी मारलं, मी कळ दाबली. खर्रर्र, टक. खर्रर्र, टक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "सरपंचाच्या जीपचा बंद हाय, पण नावंचा चालू!" कुणीतरी म्हणालं. वायपर बायकोपुढची काच पुसतोय आणि नावाड्यापुढे धबधबा लागलाय, हे दिसत नव्हतं असा तिथे एकही जण नव्हता. पण म्हणाले काय? "वहिनीची चंगळ झाली, गंगा बघत जातील." बस. गावात शहाणी माणसं खूप होती.

नंतर पाऊसही शहाणा झाला. नेमका बाजाराच्या दिवशी उघडायचा. मला वाटायला लागलं, असाच निघून जाईल हा पावसाळा.

आणि मग तो दिवस आला, ज्या दिवशी साळूबाई आपल्या पिशवीशी बोलली. सकाळी लख्ख ऊन होतं. सगळ्यांना अलीकडे आणलं. दुपार उलटली आणि आभाळ भरून आलं. वारा नव्हता. गंगा भरलेली होती, पण अंगात आलेली नव्हती. संथ, गढूळ, आपल्या वाटेने चाललेली. पाऊस मात्र धरून लागला. पलीकडच्या बायका पिशव्या डोक्यावर घेऊन काठाच्या लिंबाखाली उभ्या राहिल्या. कुणाच्या पिशवीत मिरच्या, कुणाच्या बांगड्या, एकीच्या हातात नवी केरसुणी, ती तिने छत्रीसारखी धरलेली.

"म्हैस माझ्याबिगर कुणाला पिळू देत न्हाई," साळूबाई आता उघड बोलायला लागली. "पान्हा चोरती. सुनंला तर लाथच मारती. मी इथं राह्यले तर तिचं थान सुजंल. रामकिसन, अरे बाबा, सोडतो का न्हाई?"

हे नावेपाशी उभे होते. दोरी हातात होती. सोडायची की अजून एक गाठ मारायची, ते हातालाच कळत नव्हतं.

"सोडली असती मावशी," हे म्हणाले. "वायपर बी बसवला. पण तो पडला उजव्या अंगाला. माझ्या अंगाची काच आंधळीच राह्यली की. दिसलं पाहिजे ना."

सगळ्या बायका एकदम गंगेकडे बघायला लागल्या. भुजंगने इंजिनावरचं फडकं उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. केरसुणीवाली खोकली. मला वाटलं, आता हे घरी जातील, बायका आमच्या ओसरीवर झोपतील, उद्या काकासाहेबांची नाव येईल, आणि ह्या माणसाला पुन्हा कधी कुणी काही विचारणार नाही.

मी पोत्याची खोळ साळूबाईच्या डोक्यावर सारली आणि नावेत चढले. माझ्या जागेवर बसले. कळ दाबली. वायपर सुरू झाला.

"माझ्या अंगाची दिसती," मी म्हणाले. "लख्ख दिसती. मी सांगते, तुमी वळवा."

हे माझ्याकडे बघत राहिले. पावसाचं पाणी कपाळावरून नाकावर, नाकावरून मिशीवर. "तुला काय कळतं गंगंतलं?"

"काय कळायचंय? झाड आलं तर झाड म्हणेन. काठ आला तर काठ म्हणेन. इतकी वर्सं हितंच बसून राह्यलेय मी, का तुमाला वाटतं मी गाठोड्यात तोंड घालून बसत होते?"

मागून भुजंग म्हणाला, "दादा, इंजिन कालच खोललंय मी. डिझेल गाळून घातलंय. बंद पडायचं न्हाई." तो असं कधी बोलायचा नाही. गेल्या वर्षी इंजिन बंद पडलं होतं, ही गोष्ट घरात कुणी काढायचंच नाही.

हे चढले. दोरी त्यांनीच सोडली. बायका एकमेकींना ओढत-लोटत ताडपत्रीखाली बसल्या. भुजंगने हँडल मारलं, इंजिनाने धूर सोडला, आणि काठावरचा लिंब मागे सरकायला लागला.

"सरळ," मी म्हणाले. "सरळच राहू द्या. पाणी खाली ओढतंय, थोडं वरच्या अंगाला. बस्स."

स्टेरिंग फिरलं. नाव वळली. खर्रर्र, टक. माझ्यासमोर पंख्याच्या आकाराची स्वच्छ काच होती आणि तिच्यातून गंगा दिसत होती, पार पलीकडच्या पळसापर्यंत. ह्यांच्यासमोर नुसतं पाणी ओघळत होतं. मी सांगत राहिले. कायबाय सांगत राहिले. पुढे काहीच नसलं तरी सांगितलं. "काही न्हाई. मोकळं हाय. एक ओंडका हाय, पण लई लांब. त्याचा त्यो चाललाय. बगळा बसलाय त्याच्यावर." मागे बायकांनी मोठमोठ्याने मिरचीचा भाव काढला होता. इतक्या मोठ्याने, की मिरचीला तरी खरं वाटावं.

मध्यावर आलो. जिथे गेल्या वर्षी झाड लागलं होतं तिथे पाण्यावर काही खूण नसते, पण अंगाला कळतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

ह्यांचे डोळे मिटलेले होते.

पापण्या घट्ट, दात घट्ट, हात स्टेरिंगवर, आणि डोळे मिटलेले. म्हणजे काच स्वच्छ असती, अगदी आरशासारखी असती, तरी ह्या माणसाने तिच्यातून पाहिलं नसतं. मला वाटलं, आता मीही घाबरेन. पण उलटंच झालं. वर्षभर मला वाटत होतं की ह्यांच्या मनात काहीतरी फार मोठं, मला न कळणारं चाललंय. आणि ते एवढंच होतं. लहान पोर इंजेक्शनच्या वेळी मिटतं तसे डोळे. त्याला काय करायचं असतं, ते कुठल्याही आईला कळतं. बोलत राहायचं असतं.

"आता थोडं डावं घ्या. अजून. हां, बस्स. आता हात सैल सोडा, पाणी आपल्यालाच नेऊन राह्यलंय. पळस दिसायला लागला. काकासाहेब उभे हायेत काठाला. धोतर धरून उभे हायेत. छत्री उलटी झाली त्यांची."

मिशीखाली काहीतरी हललं. डोळे मिटलेलेच. पण हात सैल झाले, मला दिसले. मी सांगेन तिकडे नाव जायची. डावं म्हटलं की डावीकडे, सरळ म्हटलं की सरळ. इतक्या वर्षांच्या संसारात माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. मनात आलं, गंगा थोडी अजून रुंद असती तरी चाललं असतं.

"काठ आला. भुजंग, बंद कर. अहो, धरून बसा, लागतंय."

नाव चिखलात मऊ रुतली. इंजिन थांबलं. एकदम शांत झालं. नुसता ताडपत्रीवरचा पाऊस, आणि वायपर, जो बंद करायचं मी विसरले होते. खर्रर्र, टक.

ह्यांनी डोळे उघडले. आधी काठ पाहिला, मग मला पाहिलं, मग आपले हात पाहिले. एक मोठा श्वास बाहेर पडला. मागच्या पावसाळ्यापासून आत धरून ठेवलेला असावा, इतका मोठा. मागे बायकांचाही पडला. मिरचीचा भाव मध्येच सुटला तो कुणी पुन्हा धरला नाही. भुजंग उगाचच हसायला लागला, त्याचं बघून केरसुणीवाली, तिचं बघून मी. काकासाहेब उलट्या छत्रीनिशी पाण्यात उतरून नाव ओढायला लागले आणि दुसऱ्या नावेची गोष्ट त्यांनी त्या दिवशी काढली नाही. बायका एकेक करून उतरल्या. कुणी ह्यांच्या खांद्याला हात लावून उतरली, कुणी स्टेरिंगच्या पाया पडून.

साळूबाई शेवटी उतरली. पाय चिखलात, पिशवी डोक्यावर, म्हैस डोळ्यांपुढे. तरी थांबली. दुपारपासून ती जे बोलली होती त्याची तिला बहुतेक लाज वाटली असावी. आवाज अगदी मऊ करून म्हणाली, "बरं झालं बाबा रामकिसन, वायपर बसवलास. काचंनं दिसंना म्हणून अडलं होतं, दुसरं काय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. हो, काचच. दुसरं काय? मीही हलवली. भुजंगने तर दोनदा.

हे खाली उतरले. गुडघाभर पाण्यात उभे राहिले, नावेची कड धरून. पाऊस अंगावर पडत होता, पुसला नाही. आणि बाजारात काय आणायचं राहिलं ते सांगावं, इतक्या साध्या आवाजात म्हणाले,

"काचंचं काय न्हाई मावशी. मला भ्या वाटतं. पाऊस आला की मला गंगंचं लई भ्या वाटतं."